चिमीची दहावी आणि येळ्ळूरचं शेत

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्याशी फोनवर वाद घालायचं मी सोडून दिलंय. तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मला सलग बोलू दिलं जात नाही, आणि ऐन रंगात दादा फोन काढून घेतो. म्हणून हे पत्र. आई, तू वाचून दाखव, आणि कडू वाटेल तेवढं गाळून वाचायची तुझी सवय आजच्यापुरती बाजूला ठेव.

विषय तोच. माझ्या चिमीला अकरावीला तुमच्याकडे पुण्याला न्यायचं. दादानं खोली रिकामी केलीय, वहिनीनं कॉलेजांची यादी पाठवलीय, सगळं मनापासून चाललंय हे मला कळतं. पण त्याआधी तिच्या कॉन्व्हेंट शाळेच्या निरोप समारंभाचं सांगते. वाढपाला आम्हा आयांना बोलावलं होतं, त्यामुळे पुलाव-कोशिंबीर वाढता वाढता मला सगळं बघायला मिळालं.

दहावीच्या मुलींनी साड्या नेसायच्या हा रिवाज अजून तसाच आहे. आईच्या, मावशीच्या, कुणाच्या तर आजीच्या इरकली. निम्म्या जणींच्या निऱ्या गेटपासून हॉलपर्यंत येताना सुटलेल्या. हॉलच्या दाराशी हेडमिस्ट्रेस सिस्टर सेफ्टी पिनांचा डबा घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. एकेकीला समोर उभी करायच्या, दोन पिना दातांत धरून निऱ्या बसवायच्या आणि पाठीवर थाप मारून आत ढकलायच्या. एकीला कोकणीत झापलं, दुसरीला कन्नडमध्ये, चिमीला मराठीत: "पोट आत घे गं, किती खातेस!" वर्षभर या बाईंच्या नावानं मुली थरथर कापतात. त्या दिवशी रांग मोडून त्यांच्याकडेच जात होत्या.

मग माईक फिरला. प्रत्येकीनं पुढं काय करणार ते सांगायचं. माझ्या बॅचला, १९९६ साली, हेच स्लॅमबुकात लिहायचं असे आणि आमची मजल तीन उत्तरांपलीकडे जात नव्हती: डॉक्टर, टीचर, एअर होस्टेस. एअर होस्टेस लिहिणारी आज उद्यमबागेत वडिलांची फौंड्री चालवते आणि कामगारांना शिव्या कन्नडमध्ये देते, तेव्हा स्लॅमबुकावर माझा फारसा विश्वास नाही. पण या पोरींचं ऐकताना हातातला डाव तसाच राहिला.

एकीनं एनडीए म्हटलं. वडील लष्कराच्या मराठा सेंटरमध्ये हवालदार. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मागल्या वर्षी बाहेर पडली, १७ जणी, हे तिला पाठ होतं. दुसरी सदाशिवनगरची, घरी कन्नड, म्हणाली मी केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा) करणार आणि इथंच डीसी (जिल्हाधिकारी) होऊन येणार, मग आम्हा आयांकडे वळून मराठीत, "काकू, तुमच्या गल्लीतले खड्डे पहिल्यांदा बुजवतो." एक म्हणाली, परीक्षा संपली की मे संपेपर्यंत झोपणार, पुढचं जूनमध्ये बघू. तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या आणि त्यात सिस्टरांच्याही होत्या.

खानापूर तालुक्यातली, बोर्डिंगमध्ये राहणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, मला सिस्टर व्हायचंय. हॉल एकदम गप्प. तिची आई माझ्या शेजारी पापड वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की धास्ती, मला उलगडलं नाही. पापडांची परात मात्र तिनं टेबलावर ठेवून दिली. सिस्टरांनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "आधी पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी), मग डिग्री. तोवर मत बदललं तर मला वाईट वाटणार नाही." कुणा बापानं आपल्या मुलीला इतक्या मोकळेपणी असं सांगितलेलं मी ऐकलं नाहीये. (बाबा, हा टोमणा आहे.)

वडगावच्या एका मुलीचं माझ्या मनातून जात नाही. माईकवर ती 'फॅशन डिझायनर' एवढंच बोलून बसली. नंतर पानावर कुंदा वाढताना मी विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. घरी माग आहेत, होते त्यातले निम्मे भंगारात गेले. वडील साडी विणतात, व्यापारी भाव ठरवतो, आणि तीच साडी पुढं कुठल्या दुकानात किती किमतीला लागते हे तिनं फोनवर शोधून काढलंय. "काकू, डिझाइन-बिझाइन नंतर. आधी मला विकायला शिकायचंय. विणतात ते की हो चांगलं, विकता येत नाही." तिला कॉमर्स घ्यायचंय, अकाउंट्स शिकायचेत, माग बंद पडायच्या आत. सोळा वर्षांची पोर! नेसलेली साडी त्यांच्याच मागावरची होती. पदर उलटा करून तिनं मला मागचे धागे दाखवले, कुठं गाठ आहे, कुठं वीज गेली तेव्हा माग थांबला होता, तिथं पट्टा कसा उमटलाय. दुकानात हाच पट्टा दाखवून भाव पाडतात म्हणे.

आणि तुमची नात. तिची पाळी आली तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणेल, निदान इंजिनिअर. तिनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "बीएस्सी ॲग्री. धारवाडला."

आता तुम्ही चष्मा काढून पुसत असणार. कॉन्व्हेंटची फी भरली ती चिखलात उतरायला काय, हे वाक्य तुमच्या तोंडी आलंच असेल. तर ऐका. दिवाळीत ती माझ्याबरोबर येळ्ळूरला शेतावर आली होती. आपल्या वाटेकरी मामांना तिनं विचारलं, आजोबा म्हणतात पूर्वी बासमती शिजला की गल्लीभर वास सुटायचा, आता का नाही सुटत? मामा म्हणाले, बी तसं राहिलं नाही. तिला तेवढ्यानं समाधान होईना. शाळेच्या सायन्स टीचरांना धरून तिनं शोधलं: तांदळाच्या वासाला २-ॲसिटिल-१-पायरोलिन नावाचं द्रव्य कारण असतं, आणि दाणा भरताना हवा गार असली तर वास चांगला टिकतो. आता ती ऑक्टोबरच्या रात्रींचं तापमान वहीत लिहून ठेवणार म्हणते. बाबा, जेवताना प्रत्येक वेळी "हा काय तांदूळ आहे?" म्हणून तुम्हीच कुरकुर केलीत. ती कुरकुर तेवढी मनावर घेणारी घरात एकच निघाली.

धारवाड म्हणजे कन्नड, हे तुम्ही म्हणणार. तिची पहिली भाषा इंग्रजी, १२५ गुणांची. दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. मराठी गुणपत्रिकेत कुठंच नाही आणि याचं मलाही वाईट वाटतं. म्हणून तर रात्री तिला माझ्याजवळ बसवून 'तरुण भारत' मोठ्यानं वाचायला लावते. पण तुम्ही आठवा. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध तुम्ही रस्त्यावर होता, आणि त्याच जूनमध्ये मला पहिलीत कॉन्व्हेंटमध्ये घातलंत. आजी म्हणाली, बाटवतील पोरीला. कॅथॉलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जायच्या तेव्हा आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला बसायचो, हे कळेपर्यंत तिनं माझ्या डब्यात तुळशीचं पान घालणं सोडलं नाही. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, पोरगी जगात उभी राहिली पाहिजे. सीमाप्रश्नासाठी काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा माणूस हे म्हणाला, याचा मला आजही अभिमान वाटतो. धारवाडचं कृषी विद्यापीठही १९८६ चंच, हे मात्र चिमीनं शोधून काढलं, तुम्हाला सांगायला म्हणून.

सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, आणि या पोरी २०१० च्या. निकाल लागेपर्यंत त्यांनी थांबावं असं तुम्हीही म्हणणार नाही. शिवाय इथं शिकलं म्हणून महाराष्ट्राचं दार बंद होत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वेगळी सोय आहे, दादानंही ते बघितलंय. उद्या तिचं मन बदललं तर तो रस्ता आहेच. कर्नाटकात तर सात वर्षं शिकलेल्याला सीईटीला बसता येतं, आणि ॲग्रीला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्यांची शेतातली प्रॅक्टिकल परीक्षा होते. बांधावर वाढलेली वडगाव-येळ्ळूरची पोरं तिथं मागं पडत नाहीत.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, मला ठाऊक आहे. पुण्यात नात डोळ्यांसमोर राहिली असती. तुझ्या हातचं खाऊन दोन वर्षं काढली असती तर तिचंही भलंच झालं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सुट्ट्यांत पाठवीन, हे काही त्याच्या बरोबरीचं नव्हे. पण तिला विचारलं तर ती म्हणते, "मी इथंच ऱ्हातो की, आजी आली तर बरं होईल." तर तूच ये. बाबा राहू देत पुण्यात, कोर्टाची तारीख बघत.

म्हणजे असं ठरलं: पीयूसी सायन्स, बेळगावात. मार्चात परीक्षा, पेपर संपले की तुम्ही दोघांनी यायचं. हुबळीची वंदे भारत पुण्याहून थेट बेळगावला येते, दादाला आधी तिकिटं काढायला सांगा, ती रोज नसते. येताना आईची बीपीची फाईल आणि येळ्ळूरच्या जमिनीचा उतारा, दोन्ही आणा. उतारा लोखंडी कपाटात वरच्या खणात, वहिनीच्या साड्यांखाली आहे. वाटेकरी मामा हिशोबाला थांबलेत, आणि बियाणाचं काय ते चिमीला तुमच्याशी स्वतः बोलायचंय. तिच्याशी वाद घालायला कानात यंत्र घालून या.

तुमची,
मोठी