वास्तुनिधी थांबवतोय, मदत मात्र हवी आहे

सस्नेह नमस्कार.

मंडळाच्या वास्तुनिधीला ज्यांनी देणगी दिली किंवा देऊ केली, त्या सगळ्यांसाठी हे पत्र. बऱ्याच वादावादीनंतर कार्यकारिणीनं ठरवलंय: चर्चासत्रांसाठी स्वतःची इमारत तूर्तास घ्यायची नाही.

गेल्या बैठकीत वक्त्यांची फळ्यावरची आकृती अर्धी झाली होती, तेवढ्यात दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला. हॉल रिकामा करायची वेळ! उरलेली चर्चा जिन्यात उभ्यानं झाली (आणि खरं तर तीच जास्त रंगली). ‘हक्काची जागा हवी’ हा हट्ट अशाच संध्याकाळींतून आला. तो चुकीचा होता असं कोणी म्हणू नये. जर्मनीत 1944 साली सुरू झालेल्या ओबरवोल्फाखच्या गणितसंस्थेत जवळपास दर आठवड्याला पन्नासेक गणितज्ञ मुक्कामाला असतात. ग्रंथालय, फळे, खोल्या सगळं एकाच आवारात. रात्री उशिरा काही सुचलं तर ऐकणारा शेजारच्या खोलीत सापडतो. एवढा राबता असेल तर खुशाल वास्तू घ्यावी.

आपल्या बैठका वर्षातून जेमतेम दोन आठवडे. उरलेले पन्नास आठवडे कुलूप, वीजबिल, गळकं छप्पर आणि राखणदाराचा पगार. मग खर्च भागवायला जागा भाड्यानं द्या, भाड्याच्या हिशेबाला माणूस ठेवा, आणि सभेत निबंधांऐवजी प्लंबरवर बोला.

ऑक्सफर्डजवळची वायथम ॲबी ही जुनी हवेली इफेक्टिव्ह व्हेंचर्स या धर्मादाय संस्थेनं 2022 मध्ये सुमारे दीड कोटी पौंडांना परिषदांसाठी घेतली. भाडं वाचेल, लागलंच तर पुढे विकता येईल, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण देणगीतून हवेली कशाला, म्हणून टीकेची झोड उठली आणि 2024 मध्ये ती विकायला काढावी लागली. उलट, अण्वस्त्रांवर बोलायला 1957 मध्ये 22 जण कॅनडातल्या पगवॉश गावी जमले ते सायरस ईटन या उद्योगपतीच्या घरी. पुढच्या परिषदा देशोदेशी भरत गेल्या. नाव तेवढं गावाचं राहिलं.

आम्हालाही असेच यजमान हवे आहेत. वीस-पंचवीस माणसं दोन रात्री राहू शकतील असं घर, शाळा किंवा सुट्टीत रिकामं पडणारं वसतिगृह कोणाकडे असेल तर कळवा. फळा हवा आणि रात्री दिवे घालवायची घाई नको, एवढीच अट. शिवाय लांबून येणाऱ्या तरुण अभ्यासकांच्या प्रवासखर्चासाठी तीन वर्षांचा निधी उभा करतोय. त्यांतले निम्मे केवळ तिकिटापायी येत नाहीत. या निधीला जमेल तेवढी देणगी द्या.

वास्तूसाठी दिलेले पैसे तुमच्या लेखी संमतीशिवाय इकडे वळवणार नाही. नको असेल तर रक्कम परत मागा. कारण विचारणार नाही. संमतीपत्राचा नमुना सोबत जोडला आहे, महिनाअखेरपर्यंत सही करून पाठवावा.

आपली,
कार्यकारिणी