घरगुती पेयांसोबत प्रमाण आणि पथ्यही छापावे

महोदय,

फळांचा रस आणि सिरका एकत्र करून घरी तयार केलेली पेये सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत प्रत्येक तक्रारीवर गुणकारी असल्याचे हल्ली सर्रास सांगितले जाते. घरगुती उपायांना माझा विरोध नाही, कारण त्यांतूनच खरे औषध हाती लागल्याचे दाखले आहेत. मात्र ते कसे लागले, हे पाहण्यासारखे आहे. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी काही दिवसांतच सुधारली, तर सिरका मिळालेल्या जोडीला गुण आला नाही. पुढे लिंड यांनीच टिकाऊपणासाठी रस तापवून आटवण्याचा सल्ला दिला आणि त्या उष्णतेत रसातील क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट झाले. म्हणजे फळ तेच, पण कृती बदलताच त्यातले औषध गेले.

आजच्या दाव्यांतून नेमका हाच तपशील गाळला जातो. पिष्टमय जेवणासोबत थोडा सिरका घेतल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा काहीशी कमी चढते, असे लहान अभ्यासांत आढळले आहे. परंतु म्हणून गोळ्या बंद करणे सर्वथा चुकीचे आहे, आणि ज्या मधुमेही रुग्णांचे जठर आधीच सावकाश रिकामे होते त्यांना सिरक्याने त्रासच वाढू शकतो. सिरक्याचा सामू (pH; हा आकडा जितका कमी तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी) २ ते ३ असतो, तर सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरचे कठीण आवरण विरघळू लागते. माझ्या नात्यातील एका वयस्कर बाईंनी कित्येक महिने रोज सकाळी उपाशीपोटी न मिसळलेला सिरका घेतला आणि दात इतके आंबले की गार पाणीही सोसवेना. दररोज सुमारे २५० मिलिलिटर सफरचंदाचा सिरका सहा वर्षे घेणाऱ्या एका तरुणीच्या रक्तातील पोटॅशियम फार घटल्याची वैद्यकीय नोंद १९९८ सालची आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम घटते, म्हणून त्या घेणाऱ्यांनी ही नोंद विशेष लक्षात घ्यावी.

रसाचेही तसेच आहे. गाळताना चोथा जातो आणि साखर मात्र राहते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातील साखर वरून घातलेल्या साखरेसोबतच मोजते. ग्रेपफ्रूटच्या रसाने कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांची रक्तातील मात्रा वाढते. अशा पेयांत मध असेल, तर ते एक वर्षाखालील बाळाला चाटवूसुद्धा नये.

आपल्या आरोग्यविषयक पानावर असा उपाय छापताना त्याचे प्रमाण, तो किती पाण्यात मिसळावा, आणि कोणी घेऊ नये, एवढ्या तीन गोष्टी त्याच मजकुरात द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक