सगळ्यात मोठा मासा कुणाच्या ताटात?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गळ टाकणारी मुलं आणि त्यांच्या घरची मंडळी यांना एकत्र बसवून, स्वतः पकडलेला मासा निर्धास्तपणे कसा खावा हे शिकवायचं तू मनावर घेतलंस, याचा मला खूप आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. मी कुठे चुकले तेच आधी सांगते.

पहिल्याच तासाला मी मिनामाताची गोष्ट सांगितली होती. जपानमधल्या त्या गावात एक रासायनिक कारखाना १९३२ पासून पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडत होता. खाडीतले मासे खाऊन आधी मांजरं वेड्यासारखी गरगर फिरून मेली, मग माणसांचे हातपाय बधिर झाले, बोलणं अडखळू लागलं. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली आणि १९५९ मध्ये संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. तरी सांडपाणी थांबायला १९६८ उजाडलं. गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. पण मी ती फोटोंसकट, काहीही समजावून न देता मुलांपुढे आणि त्यांच्या आयांपुढे ठेवली. पुढच्या वेळी एक गरोदर बाई मला सांगायला आली, "आम्ही मासे पूर्ण बंद केले." तिला वाटलं मी खूश होईन. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला हवी असलेली ओमेगा-३ मेदाम्लं, आयोडीन आणि उत्तम प्रथिनं मी तिच्या ताटातून काढून घेतली होती, आणि त्यांच्या जागी काहीच दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट शिकवते: मासा सोडायचा नाही, निवडायचा.

हे मुलांना पटवायला मणी घे. लाल मणी म्हणजे पारा. प्रत्येक लहान माशाच्या चिठ्ठीवर एक मणी ठेव. मधल्या माशाने दहा लहान मासे खाल्ले की दहा मणी त्याच्याकडे गेले. मोठ्या शिकारी माशाने असे दहा मधले खाल्ले की त्याच्यापुढे शंभराचा ढीग. मत्स्यन्याय आपण नुसता म्हणीसारखा वापरतो, इथे तो मुलांच्या डोळ्यांसमोर घडतो. शरीरातून पारा फार सावकाश बाहेर पडतो, म्हणून मासा जितका म्हातारा, मोठा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, तितका त्याच्यात पारा जास्त. पाण्यात असतो त्याच्या लाखो पटींनी तो अशा माशात साठू शकतो. हा खेळ झाला की मिनामाता सांग. मग मुलं घाबरत नाहीत, रागावतात. तो राग मला योग्य वाटतो.

एक प्रश्न हमखास येईल: "आमचं पाणी तर नितळ आहे, जवळ कारखानाही नाही." इथे घाई करू नकोस. दगडी कोळसा जाळला की पारा धुरातून वर जातो, वाऱ्याबरोबर शेकडो कोस फिरतो आणि पावसासोबत खाली येतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे जास्त घातक रूप, करतात, आणि अन्नसाखळीत चढतो तो हाच पारा. नव्या धरणात तर बुडालेली झाडं-माती कुजताना हे काम जोरात चालतं आणि तिथल्या माशांमधला पारा पुढची कितीतरी वर्षं वाढलेला राहतो. म्हणजे नितळपणा पाहून काही कळत नाही. त्या पाण्यातले मासे कुणी तपासले आहेत का, सरकारने काही सूचना काढल्या आहेत का, हे विचारायची सवय मुलांना लाव.

स्वयंपाकघरातला गैरसमजही दूर करायला हवा. पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. धुवा, उकळा, भाजा, तो जात नाही. कारखान्यांतून पाण्यात आलेली पीसीबीसारखी विषारी रसायनं मात्र चरबीत साठतात. कातडी, पोटाकडची आणि पाठीवरची चरबी काढली, जाळीवर भाजून उरलेली गळू दिली आणि ती परत वापरली नाही, तर त्यांचं प्रमाण बरंच कमी होतं. एकाच माशात दोन विषं आणि दोन वेगळे नियम, यावर एक अख्खा तास गेला तरी चालेल. बाकीचं थोडक्यात सांग: मासा पकडल्यापासून गार ठेवायचा, कारण काही मासे उबेत राहिले की त्यांच्यात तयार होणारं हिस्टामाइन हे बाधणारं द्रव्य शिजवूनही नष्ट होत नाही, आणि पाण्यावर हिरवा तवंग किंवा मेलेले मासे दिसले तर त्या दिवशी गळ गुंडाळून ठेवायचा.

किती खायचं? माशांबद्दल सूचना नसेल तर अमेरिकेतला नियम मला सोपा वाटतो: अशा पाण्यातला मासा आठवड्यात एकदाच आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही. मोठ्या माणसाला साधारण ११३ ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढा तुकडा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला जेमतेम २८ ग्रॅम.

आजी म्हणतील, "आम्ही जन्मभर खाल्लं, काय झालं?" त्यांना खोडून काढू नकोस. त्यांचं खरंच असेल. मिनामातामध्ये ज्या आयांना फारसा त्रास नव्हता, त्यांच्याही पोटी गंभीर अपंगत्व घेऊन मुलं जन्मली, कारण पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. एवढंच शांतपणे सांग. शरीरातला निम्मा पारा जायला साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणून बाळाची चाहूल लागल्यावर जपणं उशिराचं ठरतं. वर्गातल्या मोठ्या मुलींना हे आत्ताच कळायला हवं, आणि मुलांनाही, कारण मासा घरी तेच आणतात.

खरी अवघड जागा तीच आहे. गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा मुलगा घरी कुणासाठी आणतो? आईसाठी, धाकट्या बहिणीसाठी. आपण त्याला सांगतो की नेमका तोच त्यांना देऊ नकोस. त्याचा अभिमान दुखावला तर तो पुन्हा वर्गात येणार नाही. माझ्याकडच्या एका मुलाने यावर स्वतःच तोड काढली. मोठा मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. घरी लहान न्यायचे. आता बाकीची मुलंही तसंच करतात, आणि फळ्यावर लांबीची नोंद ठेवतात.

माझी मण्यांची पिशवी या पत्रासोबत पाठवतेय. दोनशे मणी आहेत, चिठ्ठ्या तू बनव. पहिला वर्ग झाला की लगेच लिही, आणि कुणी मासे बंद करायचं म्हणालं तर त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन ये.

तुझी,
जुनी मैत्रीण