औषध म्हणू नका, विष म्हणा

मा. संपादक,
स. न.

आपल्या शेतीच्या पानावर 'औषध फवारणी कधी करावी' असा मथळा असतो आणि आतल्या पानावर 'विषारी औषध प्राशन केले' अशी बातमी. बाटली तीच असते.

दोष एकट्या वर्तमानपत्राचा नाही. 'औषध मारलं का?' असं मीही तीस वर्षं विचारत आलो. औषध म्हटलं की भीड चेपते. टोपणाने अंदाजे मोजायचं, हातानेच ढवळायचं, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. एकदा माझा पाठीवरचा पंप गळत होता. सदरा भिजून पाठीला चिकटला, तरी 'एवढ्या दोन ओळी उरकू' म्हणत चालत राहिलो. संध्याकाळी घाम थांबेना, तोंडाला सारखं पाणी सुटू लागलं, समोरचं अंधुक दिसायला लागलं. डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जासंस्थेला लागणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात, किडीचं तसंच माणसाचंही. त्यावर निदान अ‍ॅट्रोपीनचा उतारा आहे, म्हणून हे पत्र लिहितोय. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उताराच नाही; ते पोटात गेलं की फुप्फुसं निकामी होत जातात. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, पण अनेक देशांच्या नियामकांना ते मान्य नाही. त्या वादात मी पडत नाही.

'फवारलं नाही तर पीक जाईल' हे मात्र दरवेळी खरं नसतं. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण फवारणीने तपकिरी तुडतुडे, म्हणजे भाताचा रस शोषणारी कीड, उलट वाढत होते. त्यांना खाणारे कोळी आधी मरत आणि तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुखरूप राहत. बंदीनंतर भाताचं उत्पादन घसरलं नाही.

आता मी पंप उचलण्याआधी शेतात फिरतो, पानं उलटून बघतो. माव्यावर तो खाणारे ढालकिडे दिसले की थांबतो. ते आपलं काम करतात. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले ते मोजतो. ट्रायकोग्रामाची कार्डं पानांखाली टाचतो; हा इवलासा कीटक अळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो, मग त्यातून अळी निघतच नाही. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतो, उन्हात त्याचा जोर जातो. तणासाठी आच्छादन आहे, पण ते सगळीकडे पुरत नाही आणि खुरपायला माणसं मिळत नाहीत. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कधी रासायनिक फवारणी करावीच लागते; मग लेबल वाचून, हातमोजे घालून, वारा पाठीशी घेऊन.

तेव्हा विनंती दोनच. 'औषध' हा शब्द शेतीच्या पानावरून काढावा, आणि फवारणीचा सल्ला छापताना फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची तेही त्याच ओळीत द्यावं.

शब्द बदलून काय होणार, असं वाटेल. मी घरी करून पाहिलं. 'विषाची बाटली कुठे ठेवलीय?' असं मोठ्याने विचारलं, आणि वर्षानुवर्षं तेलाच्या डब्याशेजारी असलेली ती बाटली त्याच दिवशी कुलपात गेली.

आपला,
एक शेतकरी वाचक