मुरूडला जाताय म्हणून

ठाणे,
१० डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दापोलीजवळ मुरूडला तुम्ही चार दिवस घर घेतलंय, हे वाचून फार आनंद झाला. नेमका मी तेव्हा गावी नाही याची चुटपुट लागलीय, म्हणून हे पत्र.

एकच विनवणी, दिवसाला एकच ठिकाण कर. दोन वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्यांसोबत मी आईलाही एका दिवसात पाच जागी फिरवलं. रात्री ती म्हणाली, "आज मी फक्त गाडी पाहिली." ते अजून मनाला लागून आहे.

सुवर्णदुर्गाचा दिवस आधी ठरव. हर्णैहून होडी मिळते, पण किल्ल्याला धक्का नाही. पाण्यात उतरूनच किनारा गाठावा लागतो, म्हणून सगळं भरती-ओहोटीवर. आमच्याकडचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तरी आदल्या दिवशी होडीवाल्याला विचार, त्याचा शब्द शेवटचा. महाद्वार बुरुजांच्या आड आहे, अगदी जवळ गेल्यावरच दिसतं. तिथे पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या भिंतीत मारुती. मुलांना सांगू नकोस, त्यांचं त्यांना सापडू दे.

परतल्यावर हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा. टोपल्यांभोवती कोंडाळं जमतं, बोली चढते, आपल्याला निम्मं कळत नाही. पण वहिनींना पापलेट ताजं कसं ओळखायचं ते तिथल्या बायका हातात देऊन शिकवतील.

आसूदचं केशवराजाचं देऊळ तुम्ही दोघं सकाळी लवकर करा. पोफळीच्या बागांतून खाली उतरायचं, साकव ओलांडायचा, मग पायऱ्यांची चढण. देवळाशी गोमुखातून बारमाही पाणी येतं. ओंजळभर पिऊन बघ. काकूंच्या गुडघ्यांना मात्र हे झेपणार नाही. त्यांना आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला ने, गाडी थेट वर जाते. उजव्या सोंडेची मूर्ती आहे, आणि आवारातून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. काकूंना तिथे हवं तितकं बसू दे.

पन्हाळेकाजीची २९ लेणीही सुंदर आहेत, कोटजाई नदीकाठी. पण यंदा राहू दे. चौथा दिवस गावातच घालव. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब बघ, महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं त्या आळ्यांतून पायी हिंड.

कोणत्या तारखेला पोचताय ते कळव. पंचांग काढून चारही दिवसांच्या भरतीच्या वेळा लिहून पाठवतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती