पुरावा कोणाला मागायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीने दाखवलेला ‘साउंड ऑफ माय व्हॉइस’ हा चित्रपट अर्धवट आहे, पैसे संपले म्हणून शेवट केला नसावा, असं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. त्या संध्याकाळी मीही तिसऱ्या रांगेत बसले होते. दिवे लागल्यावर मागून ‘हे काय?’ असा सूर निघाला, हे खरं आहे. तरी मला ते पत्र पटलेलं नाही.

पैसे कमी होते, यात वाद नाही. २०११ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट सुमारे १ लाख ३५ हजार डॉलरमध्ये झाला. म्हणून तर त्यात यंत्रं नाहीत, चमत्कार नाहीत. लॉस एंजेलिसच्या उपनगरातल्या एका घराचं तळघर, पांढरे कपडे घातलेली दहा-बारा माणसं आणि ‘मी २०५४ सालातून आले’ असं सांगणारी, ऑक्सिजनची नळी लावलेली मॅगी. भक्तांना जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. जास्त पैसे असते तर भविष्यकाळ दाखवण्याचा मोह झाला असता आणि मग ठरवायला आपल्याकडे काय उरलं असतं?

भविष्यातलं गाणं म्हण, असा आग्रह होतो तेव्हा मॅगी १९९२ सालचं एक गाजलेलं गाणं म्हणते. सभागृह हसलं. पण तळघरात ज्याने हे बोलून दाखवलं, त्याला बाहेर काढलं जातं. तिथे मला हसू आलं नाही. माझी थोरली बहीण अशाच एका बैठकीला जायची. तिथेही प्रश्न विचारणाऱ्याला ‘तुमचा अहंकार अजून गेला नाही’ असं सांगून दाराकडे बोट दाखवत. ताईने साखरेच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

भावजी म्हणायचे, ‘मी नुसता तिच्या सोबतीला बसतो, लक्ष ठेवायला.’ सहा महिन्यांनी त्यांच्याही गळ्यात तीच माळ होती. पडद्यावरचा पीटर मॅगीचं बिंग फोडायलाच आत शिरलेला आहे. चष्म्यात कॅमेरा, पोटात गिळलेला ट्रान्समीटर. त्याची आई अशाच एका पंथापायी औषधपाणी नाकारून गेलेली. सफरचंद खाऊन ओकण्याच्या प्रसंगात मॅगी त्याला बोलून बोलून रडवते, तो खरंच ओकतो आणि नंतर मैत्रिणीला सांगतो की ते नाटक होतं. त्या वाक्याला मला भावजींचा आवाज ऐकू आला. पत्रलेखकांनी या प्रसंगाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता शेवट. मॅगी जिला आपली आई म्हणते ती आठ वर्षांची मुलगी संग्रहालयात मॅगीशी तीच गुप्त हस्तांदोलनाची खूण करते, जी तळघरातल्या मंडळींखेरीज कोणाला ठाऊक नसावी. मॅगी खरी, असं निम्मे लोक म्हणाले. बाकीचे म्हणाले, मुलीला कोणीतरी शिकवलं असेल. ही चर्चा सायकल स्टँडपाशी रंगली, कारण आयोजकांनी लगेच हॉलला कुलूप लावलं. माझ्या मनात मात्र वेगळंच घोळत होतं. मॅगीला अटक घडवून आणणारी बाई स्वतःला सरकारी खात्यातली म्हणवते. मॅगीकडे पुरावा मागणाऱ्या आमच्यापैकी एकानेही त्या बाईकडे पुरावा मागितला नाही. हातात फोटो आणि आवाजात अधिकार असला की आम्हाला पुरलं. मलाही पुरलं होतं, घरी येऊन भाजी चिरताना ते लक्षात आलं.

सोसायटीला माझी विनंती आहे की हा चित्रपट पुन्हा दाखवावा आणि नंतर अर्धा तास हॉल उघडा ठेवावा. त्या अर्ध्या तासाचं भाडं मी भरते. पत्रलेखकांनीही जरूर यावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज