बाबा, गोळी का बंद केलीत?

नेरुळ,
रविवार दुपार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहून पाठवतेय.

मागच्या शनिवारी नौपाड्याला आले होते, तेव्हा चष्म्याचं घर शोधताना बाबांच्या ड्रॉवरमध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची स्ट्रिप हाताला लागली. दहातल्या दोनच काढलेल्या आणि सोबतचं बिल दिवाळीच्या आधीचं. विचारलं तर म्हणालात, "अगं, कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. मेंदू त्याचाच असतो." कचराळी तलावावरच्या तुमच्या मंडळींचं ज्ञान असणार.

बाबा, यातलं निम्मं अगदी खरं आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे ते आवरण फार पातळ होत नाही आणि थिजतही नाही. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स त्यापासूनच बनतात. त्वचेत ऊन लागून जे ड जीवनसत्त्व तयार होतं, तेही त्याच्याच सख्ख्या भावंडापासून. (सकाळी साडेसहाच्या फेरीत ते फारसं मिळत नाही, हे जाता जाता.) मेंदूचंही खरं. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम 2 टक्के, पण कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथे.

पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातलं आत जातच नाही म्हणा ना. म्हणजे रक्तात जास्त साठवून डोकं तल्लख होत नाही, भरतात त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या. आणि तुमच्या एका वाहिनीत चार वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. गोळी शरीराला उपाशी ठेवत नाही. ती यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. झडप म्हणायची तर रक्तावर पडते, पेशींवर नाही.

आता आई, तू. तुझी तऱ्हा उलटी. अंड्याचा बलक मांजरीला, वरणावरचं तूप बंद, आणि शेंगदाणा तेलाची पिशवी मात्र 'कोलेस्टेरॉल-फ्री' वाचून दहा रुपये जास्त देऊन आणलेली. अगं, कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, नावापुरतंही म्हणता येणार नाही इतकं कमी. आपलं शरीर रोज पाऊण ते एक ग्रॅम स्वतः तयार करतं, बलकात असतं साधारण 200 मिलिग्रॅम. बहुतेकांच्या बाबतीत एलडीएल वाढायला जास्त कारण होतात ते तूप, लोणी, वनस्पती तुपातले फॅट्स. तुझा रिपोर्ट चांगला आहे, तेव्हा चमचाभर तूप घे खुशाल. बाबांच्या पानात डाव उपडा करू नकोस, एवढंच.

तुझ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाटलीत घालून दिलेले ते पिवळट खडे आठवतात? अजून देवघराखालच्या कपाटात आहेत. बहुधा तेही कोलेस्टेरॉलच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा सापडलं ते पित्ताच्या खड्यांतच, म्हणून नावही ग्रीक 'पित्त' आणि 'घट्ट' या शब्दांवरून पडलं. जेवणातलं तेल-तूप पचवणारं पित्त यकृत कोलेस्टेरॉलपासूनच करतं आणि आतड्यातून बरंचसं परत घेऊन पुन्हा वापरतं. राजमा, ओट्स, इसबगोल यांतला चोथा त्यातलं थोडं धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन पित्तासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल काढावं लागतं. बाबांना रात्रीचं इसबगोल तू देतेस ना, ते चालू ठेव.

बाबा, गोळीने पाय दुखत असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते. परस्पर बंद करायची नाही. गुरुवारी संध्याकाळची वेळ घेतलीये. मी ऑफिसमधून ट्रान्स-हार्बरने थेट ठाण्याला येते. रिक्षाने जाऊ, फाइल तेवढी शोधून ठेवा.

आणि ती स्ट्रिप फेकू नका. तारीख बघायचीय.

तुमची,
मनू